एकेचाळीस अनारसे

“ये क्या है?” तिनं डब्यातला एक अनारसा उचलून माझ्यासमोर धरला.

“अनारसा.”

“ये ऊपर?”

“खसखस.”

ती रागावली नाही, हसलीही नाही. अनारसा होता तिथं हलकेच ठेवून तिनं डब्याला झाकण लावलं आणि झाकणावर हात ठेवून जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मेरे साथ आओ.”

विमान उतरताना माझ्या कानांना दडे बसले होते. तिचं बोलणं मला विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटलं. त्या दिवसाचं सगळंच मला असं आठवतं, पाण्यातून बघितल्यासारखं. संगमरवरी फरशी इतकी गुळगुळीत, की माणसं चालतायत की तरंगतायत ते कळत नव्हतं. उंच काचांमधून दुपारचं पांढरंफेक ऊन आत येत होतं, पण त्याला ऊब नव्हती. आत चांगलं गार होतं. अंगावर लग्नातली अंजिरी साडी, हातात पत्र्याचा डबा घेऊन पुढं चाललेली ती कस्टमची काळ्या झग्यातली बाई, आणि तिच्या मागे मी. घाबरायला हवं हे मला समजत होतं. पण भीती कुठंतरी मागेच राहिली होती, सामानाच्या पट्ट्यावर फिरत असावी.

अडतीस वर्षं झाली याला. मी तेवीस वर्षांची होते. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यातले एकोणीस दिवस मी नवऱ्याबरोबर काढले होते. विसाव्या दिवशी हे आखातात परत गेले. शशिकांत गव्हाणे, बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. मी बार्शीला सासूबाईंपाशी राहिले. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या स्वभावानं चांगल्या. पण संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की कुणीतरी विचारायचंच, “आला का गं व्हिसा?” मी नाही म्हटलं की सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

शेवटी व्हिसा आला. सोबत यांचं पत्र. ‘इथे सगळं मिळतं, ओझं आणू नकोस. फक्त आईच्या हातचे अनारसे आण. खसखस भरपूर लावायला सांग.’

आत्यांनी तीन दिवस तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गूळ घालून गोळा चार दिवस मुरत ठेवला. आठव्या दिवशी तळायला बसल्या. एकेक गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. जाळी पडली की त्या स्वतःशीच “हं” म्हणायच्या. एकेचाळीस झाले. “चाळीस त्याला,” आत्या म्हणाल्या, “आणि एक तुझा, वाटेत भूक लागली तर.” वाटेत मला भूक लागलीच नाही. खिडकीबाहेर आधी नुसतं निळं होतं, मग निळ्याचं हळूहळू पिवळट झालं, आणि कुठं समुद्र संपून वाळू सुरू झाली ते मला कळलंच नाही. तेवढे अडीच तास मी कुणाची सून नव्हते, कुणाची बायकोही नव्हते. हवाईसुंदरीनं काय हवं विचारलं, तर मी चक्क “आणखी थोडा वेळ” असं म्हणाले होते. मराठीत. ती बिचारी पाणी देऊन गेली.

आता त्या बाईनं मला एका खोलीत आणून बसवलं. टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि एका भिंतीला लांबलचक काळपट काच. टेबलामागे एक सडपातळ साहेब बसले होते. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि बाईशी अरबीत बोलू लागले. आवाज चढवून नव्हे, एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

बाई माझ्याकडे वळली. मोडक्या हिंदीत, पण समजेल असं बोलायची.

“ये खसखस इधर मना है. मालूम?”

“नहीं.”

“अफीम का बीज. इधर जेल होता है.”

‘जेल’ हा शब्द मात्र कानातल्या पाण्यातूनही स्वच्छ आत आला. मी डब्याकडे बघितलं. तळताना आत्यांच्या कपाळावर आलेला घाम मला आठवला. म्हटलं, “ये मिठाई है. मेरी सास ने बनाया.”

“मालूम,” ती म्हणाली. “अलग पुडी है? बैग में?”

“नहीं. बस इतनाही.”

तिनं माझी पिशवी आणि बॅग पुन्हा एकदा उपसली. गोधडी निघाली, मेतकूट निघालं, शेंगाची चटणी निघाली, आत्यांनी दिलेली देवाची तसबीर निघाली. तिनं सगळं हुंगून, चाचपून परत जसंच्या तसं घडी घालून ठेवलं. माझ्याहून नीट. साहेबांना तिनं मान हलवून दाखवली. ते पुन्हा काही बोलले.

“साहब बोलता है, तुम्हारा आदमी को बुलाओ. वो इधर काम करता है, वो जवाब देगा. बाहर आया है?”

“आया होगा.”

“नाम?”

मी आजवर नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त लग्नात, उखाण्यात. व्हिसाच्या कागदावर बोट ठेवून मी ते तिला दाखवलं. ती फोनवर बोलली. आणि थोड्या वेळानं सगळ्या इमारतीत तो आवाज घुमला. दोनदा अरबीत, एकदा इंग्रजीत. नावाची पार मोडतोड झाली होती, तरी मला कळलं. त्याच क्षणी माझ्या कानात काहीतरी फट्कन सुटलं आणि जगातले सगळे आवाज एकदम आत आले. पंख्याची घरघर, पलीकडची ढकलगाड्यांची खडखड, माझ्याच बांगड्या.

“आओ,” बाई म्हणाली. “देखो. कौन सा है?”

तिनं मला त्या काळपट काचेपाशी नेलं. बाहेरचं सगळं दिसत होतं. कठडा, त्याच्यामागे दाटीवाटीनं उभी माणसं. आमच्याकडचे खूप होते. “उधर से नहीं दिखता,” ती म्हणाली. “इधर से सब दिखता.”

मी शोधू लागले. मिशीवाला चेहरा शोधत होते. लग्नात यांना मिशी होती. एकोणीस दिवस म्हणजे किती थोडे हे मला तिथं कळलं. शंभर-दीडशे पुरुषांत स्वतःचा नवरा मला सापडेना. मग खांबाजवळच्या एकानं डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली आणि मला ओळख पटली. मिशी काढली होती. चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. अंगात निळा शर्ट, आणि छातीपाशी धरलेला पुठ्ठा. त्यावर मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं, जयमाला.

आपलं नाव एवढं मोठं लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा तो आवाज घुमला. शशिकांत गव्हाणे यांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावं. यांनी मान वर करून छताकडे बघितलं, जिथून आवाज येत होता तिथं. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग पुठ्ठ्याची घडी घातली. एक घडी, दुसरी घडी. ती पँटच्या खिशात कोंबली, आणि चार पावलं मागे सरकून खांबाआड उभे राहिले. निळ्या बाहीचा एक तुकडा तेवढा दिसत राहिला.

“है?” बाईनं विचारलं.

मी काचेवर हात ठेवला होता. काच बर्फासारखी गार होती.

“नहीं,” मी म्हणाले. “नहीं आया.”

“पक्का?”

“पक्का.”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती काचेतून बाहेर, खांबाच्या दिशेनं बराच वेळ बघत राहिली. मग साहेबांकडे जाऊन बोलली. यावेळी तीच जास्त बोलली, साहेब कमी. शेवटी त्यांनी एक कागद काढला, त्यावर एका ठिकाणी पेन टेकवून काही सांगितलं, घड्याळ बघितलं आणि उठून गेले.

“साहब बोला, वजन लिखना है. मिठाई का नहीं. सिर्फ खसखस का. जास्ती तो बड़ा कागज, पुलिस. थोड़ा तो छोटा कागज, घर.”

“वजन कसं...” मी मराठीतच बोलले. “कैसे करेगा? चिपका है.”

तिनं खणातून एक पांढरी बशी काढली, दोन चमचे काढले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. डोक्यावरचं काळं वस्त्र जरा मागे सारलं. पंचेचाळिशीची असेल, हातावर मेंदीचा फिका रंग होता. तिनं पहिला अनारसा उचलला, चमच्याच्या दांड्यानं हळूच खरवडला. पांढरे-राखाडी दाणे बशीत पडले आणि अनारशाचा अर्धा भाग मोडून खाली आला.

“ओह,” ती म्हणाली, अगदी मनापासून.

“ऐसे नहीं,” मी म्हणाले. मी केसातला आकडा काढला. “नीचे हाथ रखने का. ऐसे.”

आणि मग आम्ही दोघी बसलो. अनारसा डाव्या तळहातावर घ्यायचा, आकड्याच्या टोकानं जाळीतून एकेक दाणा उकरायचा. एक झाला की वर्तमानपत्रावर ठेवायचा. बाहेर विमानं उतरत होती, उडत होती, खोली अधूनमधून थरथरायची. ऊन भिंतीवरून सरकत टेबलाच्या पायापाशी आलं. आत्यांनी आठवडाभर खपून लावलेली खसखस आम्ही एका दुपारात काढत होतो, आणि का कोण जाणे, मला ते वाईट वाटत नव्हतं. हाताला काम होतं. घरी दारात बसून तांदूळ निवडावेत तसं चाललं होतं.

“शादी कब?” तिनं विचारलं.

“चौदह महीना.”

“साथ में कितना रहा?”

“उन्नीस दिन.”

तिनं जीभ टाळूला लावून चक् केलं. मग पुढचा अनारसा तळहातावर घेतला.

“आदमी अच्छा है?”

“मालूम नहीं,” मी म्हणाले. मग वाटलं, हे बरं दिसलं नाही. “चिठ्ठी अच्छा लिखता है.”

ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. दातात एक सोन्याचा होता.

“वापस जाना है?” तिनं एकदम विचारलं. “बोलो तो साहब आज का जहाज में भेजेगा. कुछ लिखेगा नहीं. माँ के पास.”

मी आकडा खाली ठेवला. “नहीं,” मी म्हणाले. खोलीतल्या कुठल्याही आवाजापेक्षा तो शब्द मोठा निघाला असावा, कारण तिनं दचकून मान वर केली. मग पुन्हा खाली घालून कामाला लागली.

एकेचाळिसावा संपला तेव्हा बशीच्या तळाशी मूठभरही खसखस नव्हती. तिनं सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा आणला. अडतीस ग्रॅम. लहान कागद निघाला. साहेब परत आले, त्यांनी काटा बघितला, वर्तमानपत्रावरची ती खरवडलेली, उघडी पडलेली अनारशांची रांग बघितली आणि एक भुवई उचलली. सही केली. मीही मराठीत केली. बाईनं कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये खसखस ओतून नळ सोडला, आणि पाणी स्वच्छ येईस्तोवर सोडून ठेवला.

धड राहिलेले अनारसे तिनं स्वतः डब्यात रचून दिले. एक मोडका तुकडा तिच्या बोटांशी उरला होता. तिनं दाराकडे बघितलं आणि तो तोंडात टाकला. डोळे मिटून चावला.

“घी,” ती म्हणाली. “अच्छा घी.”

दारापर्यंत ती सोडायला आली. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, “ये काँच बहुत साफ है. मैं रोज़ साफ कराती.” आणि वळून आत गेली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण ती अरबीत. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

बाहेर आले तर गर्दी पांगली होती. हे खांबापाशीच होते. मला बघून धावत आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

“अगं, कंपनीची गाडीच मिळेना,” हे म्हणाले. “आत्ता येऊन पोचतोय. फार वेळ झाला का तुला?”

“नाही,” मी म्हणाले. “मीही आत्ताच बाहेर आले.”

पुठ्ठ्याचा कोपरा यांच्या खिशातून वर आला होता. मी डबा यांच्या हाती दिला.

राहायला एक खोली होती, दुसऱ्या मजल्यावर. पलीकडे एक केरळी कुटुंब, स्वयंपाकघर दोघांत. घरी गेल्यावर यांनी डबा उघडला. त्या टक्कल पडल्यासारख्या अनारशांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील. यांनी झाकण लावलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला. बोलले ते गरम पाण्याबद्दल आणि नळाबद्दल. चार दिवस आम्ही असेच बोललो. हे माझ्याशी फार चांगले वागत होते. सकाळी चहा करून द्यायचे, कामावरून फळं आणायचे. डब्याला मात्र हात लावेनात.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी हे मला खाडीवर घेऊन गेले. लाकडी होड्या इकडून तिकडे माणसं नेत होत्या. आम्ही एकीत बसलो. पाण्यावर ऊन असं सांडलं होतं, की काठावरच्या इमारती हलतायत असं वाटत होतं. होडी मध्यावर आली तेव्हा हे म्हणाले, “त्या दिवशी मी होतो तिथं.”

मी पाण्याकडे बघत राहिले.

“नाव पुकारलं माझं. तीनदा पुकारलं. तेव्हा मला आठवलं, खसखस. मीच लिहिलं होतं तुला, भरपूर लावायला सांग म्हणून. आमच्या स्टोअरमधल्या एकाला गावाहून आलेल्या मसाल्यापायी पकडलंय. आठ महिने झाले, अजून आत आहे. माझे पाय उचलेनात. मी खांबाआड...” यांनी डाव्या कानाची पाळी धरली. “अडीच तास तिथं उभा होतो. तू आत होतीस आणि मी उभा होतो.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“तिथं एक काच होती. आतून बाहेरचं दिसायचं. मला तिथं उभं करून विचारलं, तुझा नवरा कुठला.”

यांचा चेहरा राखेसारखा झाला. “मग?”

“मी नाही म्हणाले. आले नाहीत म्हणाले.”

होडीचं इंजिन टकटकत होतं. एक पांढरा पक्षी आमच्या बरोबरीनं थोडा उडाला आणि मागे पडला. हे तोंडावर हात घेऊन बसले. मग म्हणाले, “माझ्यासाठी तू...”

तिथं मला गप्प बसता आलं असतं. यांनी आयुष्यभर माझे उपकार मानले असते. पण त्या पाण्यावर, त्या उन्हात, मला खोटं बोलवेना.

“तुमच्यासाठी नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला आत आणलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती. मग दोघंही परत. मला परत जायचं नव्हतं. त्या ओट्यावर मला पुन्हा बसायचं नव्हतं. तुमचा तर मला चेहरासुद्धा नीट ओळखता आला नाही.”

यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं, जशी मी आत्ताच कुठून तरी येऊन समोर बसले होते. मग यांना हसू आलं. हसता हसता डोळे भरले.

“मिशी ठेवू का परत?” यांनी विचारलं.

“ठेवा,” मी म्हणाले.

घरी आल्यावर यांनी कपाटावरून डबा काढला आणि उभ्या उभ्या चार अनारसे खाल्ले. मग दोन केरळी शेजारणीला नेऊन दिले.

आम्ही तिथं बावीस वर्षं राहिलो. दोन मुलं तिथंच झाली. मी एका शाळेत शिकवू लागले. नंतर पुण्याला येऊन स्थायिक झालो. या सगळ्या काळात मी किती वेळा एकटी प्रवासाला गेले आणि परत आले, त्याची गणती नाही. दर वेळी हे विमान यायच्या दोन तास आधी येऊन उभे. कठड्याच्या अगदी पुढे, लोखंडाला पोट टेकवून, दोन्ही हात वर करून हलवत. मला लाज वाटायची. मुलं हसायची.

गेल्या मार्चमध्ये मुलीकडून परत आले. यांच्या गुडघ्यांचं आता काही खरं नाही. काचेच्या दारातून बाहेर पडता पडता मी बघितलं, तिथला शिपाई यांच्यासाठी खुर्ची घेऊन आला होता.

“काका, बसा ना. आल्या की सांगतो मी.”

“नको,” हे म्हणाले. “इथून तिला लगेच दिसतो मी.”

मी ढकलगाडी ढकलत यांच्यापाशी आले. गुडघे थरथरताना दिसत होते. पण बसा, असं मी म्हणाले नाही. आजपर्यंत कधीच म्हणाले नाही.